प्रयोगाआधी काटा तपासा

संपादक महोदय,

नवोन्मेषाची चर्चा निघाली की ‘प्रयोग करा, अपयशाला घाबरू नका’ हा सल्ला हमखास येतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. पुष्कळ ठिकाणी प्रयोग म्हणून जे चालते ती नुसती खटपट असते. काहीतरी बदलायचे, बरे वाटले तर ठेवायचे. फरक कशामुळे पडला हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

राइट बंधूंच्या धाडसाचे गोडवे सगळेच गातात, त्यांच्या लाकडी पेटीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. १९०१ च्या त्यांच्या ग्लायडरला (इंजिन नसलेल्या विमानाला) गणिताने येणाऱ्या उचलीच्या, म्हणजे वाऱ्याने पंखाला वर ढकलणाऱ्या बळाच्या, जेमतेम एक तृतीयांश उचल मिळाली. त्यावर लगेच पुढचा ग्लायडर न बांधता त्यांनी ६ फूट लांब, आतून १६ इंच चौरस अशी ती पेटी, म्हणजे आत वारा सोडून पंखांचे छोटे नमुने तपासायचा वातबोगदा, तयार केला. त्यातला बळ मोजणारा काटा सायकलच्या स्पोकच्या तारा आणि हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे वापरून केलेला होता. खरी हुशारी या काट्यात होती. छोट्या पंखाची उचल आणि त्याच वाऱ्यात उभ्या केलेल्या सपाट पट्ट्यांवरचा रेटा यांची तो थेट तुलना करी. वाऱ्याचा वेग कमीजास्त झाला तरी दोन्हींवर सारखाच परिणाम होई, त्यामुळे ती चूक मापात उतरतच नसे. त्या हिवाळ्याच्या तोंडाला सुमारे २०० आकार तपासून झाले आणि १९०२ चा ग्लायडर त्या आकड्यांवर उभा राहिला.

कारखान्यातही हेच लागू पडते. प्लॅस्टिकच्या साच्यातून निघणाऱ्या भागाचे वजन स्थिर ठेवायचे आहे आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचे तापमान, दाब व थंड होण्याचा वेळ हे तीन घटक हाताशी आहेत, असे समजा. पहिले काम म्हणजे एकच भाग त्याच काट्यावर दहा वेळा तोलणे. या दहा मापांतला फरक आपण शोधत असलेल्या फरकाएवढाच असेल, तर पुढचे सगळे व्यर्थ.

त्यानंतर बहुतेक जण एका वेळी एकच घटक बदलतात. हे शिस्तीचे वाटते, पण महाग पडते. प्रत्येक घटकाच्या दोन पातळ्या घेऊन सगळ्या ८ जोडण्या चालवल्या, तर प्रत्येक घटकासाठी ४ विरुद्ध ४ अशी तुलना मिळते. एकेक बदलून तेवढीच अचूकता हवी असेल तर १६ फेऱ्या लागतात, आणि दाब वाढवल्याचा परिणाम तापमानावर अवलंबून आहे का, हे तरीही कळत नाही. फेऱ्यांचा क्रम मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवावा. कमी तापमानाच्या सगळ्या फेऱ्या सकाळी घेतल्या, तर हळूहळू तापत जाणाऱ्या यंत्राचा परिणाम तापमानाच्या खात्यात जमा होतो. सेटिंग बदलल्यावरचे पहिले काही शॉटही (साचा एकदा भरून निघालेले भाग) मोजू नयेत, साचा स्थिरावू द्यावा.

संगणकावर चालणाऱ्या चाचण्यांत रोग वेगळा आहे. समजा, एखाद्या विक्रीच्या संकेतस्थळाची जुनी मांडणी एका गटाला आणि नवी दुसऱ्या गटाला दाखवायची आहे. जुनीवर १०० पैकी ५ जण खरेदी करतात, नव्या मांडणीमुळे ते ६ होतील अशी आशा आहे. नेहमीच्या निकषांनी (चुकीचा होकार, म्हणजे फरक नसताना तो दिसण्याची शक्यता, ५ टक्के; खरा फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के) हा फरक पकडायला प्रत्येक गटात सुमारे ८ हजार माणसे लागतात. प्रत्यक्षात आकडा रोज पाहिला जातो आणि मनासारखा दिसला की चाचणी थांबते. सारख्या अंतराने अशी दहा वेळा डोकावणी केली, तर चुकीच्या होकाराची शक्यता ५ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर जाते. मग ‘सिद्ध झालेली’ सुधारणा वापरात आल्यावर गायब होते, आणि खापर ग्राहकांवर फुटते.

एक सूचना कराविशी वाटते. प्रयोगांना निधी देणाऱ्यांनी अर्जात एक रकाना वाढवावा: कोणता आकडा आला तर ही कल्पना सोडून द्याल? ज्यांना तो भरता येत नाही, त्यांना नमुना बांधायला पैसे देण्याऐवजी आधी मोजमापाची सोय करायला द्यावेत.

आपला,
एक वाचक