चित्रकलेचे गुण कच्च्या कागदांनाही द्या

संपादक महोदय,

माध्यमिक शाळेतल्या चित्रकलेच्या तासाबद्दल एकच मागणी मांडायची आहे. पक्क्या चित्राला जितके गुण देतो, तितकेच गुण त्याआधीच्या कच्च्या कागदांना, म्हणजे सरावाच्या रेखाटनांना आणि आराखड्यांना द्यावेत. फळ्यावर नमुना काढायचा, मुलांनी तो वहीत उतरवायचा आणि ज्याचे काम नीटनेटके त्याला जास्त गुण द्यायचे, ही पद्धत तपासायला सोपी आहे. पण दुसऱ्याने आधीच बघून ठेवलेले उतरवताना विद्यार्थ्याला स्वतः काही बघावे लागत नाही. आणि त्या वयात शिकण्यासारखे मुख्य तेच असते.

काचेचा पेला अर्धा पाण्याने भरून टेबलावर ठेवा आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना काढायला सांगा. दोन चुका हमखास दिसतील. वरच्या काठाची दोन्ही टोके बदामासारखी अणकुचीदार होतील आणि तळ पट्टीने ओढल्यासारखा सरळ येईल. यात हाताचा दोष नाही. तळ टेबलावर सपाट टेकलेला आहे हे मुलाला ठाऊक असते, आणि ठाऊक असलेले दिसणाऱ्यावर कुरघोडी करते. पेला डोळ्यांच्या पातळीखाली असला की काठ, पाण्याची कड आणि तळ ही तिन्ही लंबवर्तुळे दिसतात, आणि जितके खाली जावे तितके लंबवर्तुळ जास्त गोलसर होते. हे तोंडी सांगून पटत नाही. पेला हळूहळू डोळ्यांसमोर उचलून धरला, काठ मिटत मिटत एक सरळ रेघ झाला, की पटते. मग मधोमध उभा अक्ष आखायचा, तिन्ही लंबवर्तुळे मागच्या बाजूसकट पूर्ण काढायची आणि अक्षाच्या दोन्ही अंगांना सारखी येतात का ते पाहायचे. टोकाला कोन नसतो, वळण असते. या सरावाला वीस मिनिटे द्या आणि तेवढा वेळ खोडरबर दप्तरातच राहू द्या. चुकलेली रेघ शेजारी दिसत असेल तरच पुढची रेघ तिच्याहून वेगळी येते.

पेन्सिलने माप घेण्याचेही असेच आहे. एक डोळा मिटून, हात समोर धरून, अंगठ्याने उंची मोजायला आपण शिकवतो, पण कोपर पूर्ण ताठ हवे यावर जोर देत नाही. उंची मोजताना हात ताठ आणि रुंदी मोजताना थोडा वाकलेला, एवढ्यानेही प्रमाण बिघडते.

रंगांच्या बाबतीत तर कच्च्या कागदाला पर्यायच नाही. लाल आणि निळा मिळून जांभळा होतो असे वाचलेला विद्यार्थी शेंदरी लाल आणि अल्ट्रामरीन (जांभळट झाक असलेला गडद निळा) मिसळतो, आणि हाती मातकट तपकिरी येते. शेंदरीत पिवळ्याचा अंश असतो. म्हणजे त्याने नकळत तिन्ही प्राथमिक रंग एकत्र केलेले असतात. स्वच्छ जांभळ्यासाठी निळसर झाक असलेला क्रिमझन, म्हणजे गडद किरमिजी लाल हवा. तसेच लख्ख हिरव्यासाठी लेमन यलो (लिंबासारखा पिवळा) आणि प्रशियन ब्लू (हिरवट झाक असलेला गडद निळा). गडद पिवळा आणि अल्ट्रामरीन घेतले तर शेवाळी हिरवा येतो. तो काही वाईट नाही, पण तो का आला हे कळले पाहिजे. म्हणून बारा-चोवीस रंगांच्या पेटीपेक्षा सहाच रंग बरे: दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे, आणि जोडीला पांढरा. मिसळताना फिक्या रंगात गडद रंग ब्रशच्या टोकाने घालत जायचे. उलटे केले की भरमसाट रंग संपतो आणि छटा हलत नाही. पाण्याची भांडी दोन ठेवायची, एक ब्रश धुण्यासाठी आणि एक रंग पातळ करण्यासाठी. सावलीसाठी काळा घालण्याची सवयही इथेच सुटते. पिवळ्यात काळा पडला की तो हिरवट होतो, हे प्रत्येकाने एकदा करून पाहावे, मग पिवळ्याच्या सावलीला थोडा जांभळा लावून पाहावा.

शेजारचा रंगही छटा बदलतो. मिशेल युजीन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपट विणणाऱ्या (टॅपेस्ट्री) कारखान्यात रंगाईचे प्रमुख असताना काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती. दोष रंगात नसून त्याच्याशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तसे दिसते, हे त्यांनी शोधले आणि १८३९ मध्ये सविस्तर मांडले. वर्गात यासाठी एकाच करड्या कागदाचे २ सेंटिमीटरचे दोन चौकोन पुरतात. एक काळ्यावर चिकटवा, एक पांढऱ्यावर. मुले ते एकाच कागदाचे आहेत हे मानायला तयार होत नाहीत. हा तास रंगाच्या थेंबाशिवाय होतो. साहित्य नाही ही अडचण खरी असली, तरी जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत तिथले शिक्षक योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांच्या हाती साधा कागद देऊन त्याला घड्या घालायला आणि कापायला लावत, तेही डिझाइनचेच शिक्षण होते.

पोस्टरच्या अक्षरांत सर्वांत मोठी चूक पट्टी करते. ओळीची रुंदी अक्षरांच्या संख्येने भागून सारखे चौकोन आखले की ‘र’ मोकळा पडतो आणि ‘क्ष’ कोंबला जातो. अंतर मोजायचे नसते, अक्षरांमधली पांढरी जागा डोळ्याने तोलायची असते. कागद उलटा धरला की शब्द वाचता येत नाही आणि ही जागा स्पष्ट दिसते. शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा आधीच राखावी लागते; ती विसरली की पहिली ओळ दुसरीवर चढते. म्हणून मोठा कागद हाती देण्यापूर्वी ५ बाय ७ सेंटिमीटरचे किमान आठ छोटे आराखडे करून घ्यावेत. पहिले तीन बहुधा सारखेच येतात. खरा विचार चौथ्यापासून सुरू होतो. निवडलेला आराखडा पूर्ण आकारात पेन्सिलने आखून भिंतीवर लावायचा आणि तीन मीटरवरून वाचता येतो का पाहायचे, तोवर रंग उघडायचा नाही.

आता गुणांचे. वीसपैकी दहा पक्क्या कामाला ठेवावेत. उरलेल्या दहांपैकी चार किती वेगळ्या दिशांनी प्रयत्न केला याला, चार एका कागदावरून दुसऱ्यावर जाताना नेमके काय सुधारले याला, आणि दोन निवडीचे कारण दोन ओळींत लिहिण्याला. यात एक पळवाट निघते, ती आधीच ओळखावी: मुले चित्र आधी पूर्ण करतात आणि ‘कच्चे’ कागद घरी बसून नंतर तयार करतात. म्हणून तास संपताना कागद वर्गातच गोळा करावेत आणि मागे तारीख टाकावी. यासाठी दोन तासिका जोडून मिळायला हव्यात. चाळीस मिनिटांत मांडामांडीची पाच आणि ब्रश धुण्याची सात मिनिटे वजा केली, तर उरलेल्या अठ्ठावीस मिनिटांत जलरंगाचा पहिला हातही नीट वाळत नाही. ओल्यावरच दुसरा हात मारला की रंग फुटून पसरतो, आणि वेळापत्रकाच्या या चुकीचे गुण विद्यार्थ्याचे कापले जातात.

आपला,
एक कलाशिक्षक