पांढऱ्या डोळ्यांची बदकं ओळखण्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. 1987 पासून ती मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या बळावर चालते. या वेळी आमच्या पक्षिमित्र मंडळाला एक स्पॉटिंग स्कोप (दूरचं खूप मोठं करून दाखवणारी एकनळी दुर्बीण) आणि दणकट ट्रायपॉड घ्यायचा आहे. दुर्बिणी आहेत, पण दोन बदकांपुढे त्या हात टेकतात.

फेरुजिनस डक आणि बेअरचा पोचार्ड. दोघंही बुडी मारून खाणारी, दोघांच्याही नराचा डोळा पांढरा, शेपटीखाली पांढरं. धुक्यात, पाणवनस्पतींच्या आडून दोघं नुसती 'तपकिरी बदकं' दिसतात. नीट पाहिलं तर फेरुजिनसचा नर डोक्यापासून छातीपर्यंत गर्द तांबूस, टाळू उंच. बेअरच्या नराचं डोकं काळं, उन्हात हिरवी झाक मारणारं; पोटाचा पांढरा रंग कुशीवर चढून पाण्याच्या वर दिसतो. माद्यांचे डोळे तपकिरी, रंग मळकट. तिथे भले भले चकतात. शिवाय दोघांचे संकरही होतात.

फेरुजिनस आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, यादीत 'संकटसमीप' आहे आणि हिवाळ्यात भारतात बऱ्याच ठिकाणी येतो. बेअर 2012 पासून 'अतिसंकटग्रस्त' आहे. प्रौढ पक्षी 150 ते 700 असावेत, असा आययूसीएनचा अंदाज. पूर्वी रशिया-चीन सीमेवरच्या अमूर आणि उसुरी नद्यांच्या खोऱ्यांत त्याची वीण होई. आता ती मुख्यतः चीनमधल्या मोजक्या पाणथळींपुरती उरली आहे. पाणथळी आटल्या, बुजल्या, शिकार झाली, अंडीही उचलली गेली. भारतात तो दिसतो तो जास्त करून आसाम-मणिपूरकडे.

बेअरची नोंद फेरुजिनस म्हणून झाली, तर तो पक्षी कागदावर नाहीसा होतो. उत्साहाच्या भरात संकराला बेअर म्हणणं मात्र आम्हाला जास्त घातक वाटतं, कारण नसलेले पक्षी यादीत वाढतात.

म्हणून स्कोपसाठी यथाशक्ती देणगी द्या. वापरलेला, पण काच स्वच्छ असलेला स्कोप दिलात तरी आनंदच आहे. पैसे जमत नसतील, तर या बदकांचे जुने फोटो शोधून द्या. धूसर चालतील, पण डोकं आणि कूस दिसायला हवी, तारीख आणि ठिकाण हवं. व्हॉट्सॲपवर फिरत आलेले फोटो कृपया नकोत.

देणगीची पावती मिळेल. स्कोप मंडळाच्या मालकीचा राहील; गणनेच्या दिवसांत इतर गटांनी मागितला तर त्यांनाही देऊ. डिसेंबर संपण्याआधी कळवलंत, तर गणनेपूर्वी सराव करता येईल.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते