आरडाओरडा चालेल, पण नुसतं ‘छान झालं’ नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या क्रीडा पानावर खाली कोपऱ्यात मुलींच्या शालेय हॉकीची बातमी होती आणि तिची शेवटची ओळ अशी होती की पंचांच्या वादग्रस्त निर्णयामुळे एका संघाला हार पत्करावी लागली. तर ती वादग्रस्त पंच मी. नाव छापलं नाहीत त्याबद्दल आभार, पण आमच्याकडे छापायची गरजच पडत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या मामांनी पण विचारलं, काय गं, काल काय घोळ घातलास?

मी स्वतः शाळा-कॉलेजात हॉकी खेळलेय, मग गुडघा गेला. खेळ सुटायला नको म्हणून पंच परीक्षा दिली आणि यंदाचा माझा पहिलाच सीझन. आमचा जिल्हा सातारा, म्हणजे भारताकडून हॉकी खेळलेल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके इथल्याच, त्यामुळे फलटण भागात आता बारकी बारकी पोरं पण स्टिक घेऊन दिसतात आणि त्यांच्यामागे आईबाप, मामा, काका सगळे ग्राउंडवर येतात. चांगलंच आहे ते. फक्त ते सगळे माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात पंचगिरी करतात.

त्या मॅचचं सांगते. टर्फ वगैरे काही नाही, मातीचं ग्राउंड, सकाळी मारलेली फक्की दुपारपर्यंत निम्मी उडालेली. स्कोअर १-१, दोनेक मिनिटं राहिलेली. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, आत गर्दी झाली, एका मुलीने जोरात मारला आणि बॉल गोलपोस्टच्या बाजूने बाहेर. बॉल मारणारीकडूनच बाहेर गेला असं धरून मी बचाव करणाऱ्या टीमला पंधरा मीटरवरून हिट दिली. झालं, जाळीमागून एकच गलका, पाय, पाय, पाय! म्हणणं असं की बॉल डिफेंडरच्या पायाला लागून गेला, म्हणजे पेनल्टी कॉर्नर, गोलची मोठी संधी देणारी शिक्षा, हवा होता. कोच रेघेच्या आत आले आणि म्हणाले, मॅडम, तुम्हाला खेळ कळतो का? मॅच शूटआउटला गेली, म्हणजे बरोबरी सोडवायला एकेक खेळाडू एकट्या गोलकीपरसमोर, आणि ती टीम हरली. संध्याकाळी कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ गावभर फिरला. मी तो रात्री पांघरुणात तीसेक वेळा बघितला असेल, थांबवून, झूम करून, आई म्हणाली झोप आता.

आता कुणाला वाटेल ही बाई लोकांच्या ओरडण्याची तक्रार करायला बसलीय. तसं नाही. ओरडण्याची सवय होते, खरंच होते, तिसऱ्या-चौथ्या मॅचला कान आपोआप बंद होतात. आणि ओरडणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्यांच्या काळच्या नियमाने ओरडतात हे एकदा कळलं की हसू पण येतं. एक आजोबा दर मॅचला ‘स्टिक वर, स्टिक वर’ करतात, त्यांच्या वेळी खांद्याच्या वर स्टिक नेली की फाउल होता, २०१५ पासून तसं नाही, धोकादायक नसेल तर खांद्याच्या वरचा बॉल खेळता येतो. पायाचं पण तेच. बॉल पायाला लागला की दर वेळी फाउल नसतो, लागल्याने त्या खेळाडूचा फायदा झाला का, किंवा ती मुद्दाम अंगाने अडवायला उभी राहिली का, हे बघायचं असतं. पेनल्टी कॉर्नरला पहिला फटका हिट असेल तर बॉल गोललाइन ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे मागच्या फळीच्या वर चालत नाही, पण फ्लिक केला, म्हणजे न मारता स्टिकने ढकलून उचलला, तर चालतो. हे जाळीमागच्या कुणाला सांगणार, आणि का सांगायचं, त्यांची पोरगी खेळतेय, ते ओरडणारच.

मला त्रास झाला तो दुसऱ्याच लोकांचा. त्या दिवशी तंबूत चार सीनियर पंच बसले होते, मी लहानपणापासून ज्यांना बघत आले असे. मॅच संपल्यावर मी मुद्दाम त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले, की कुणीतरी काहीतरी बोलेल. एकाने चहा पुढे केला, एक म्हणाले छान झालं, होतं असं कधी कधी. बस्स. पाठीवर हात ठेवला आणि विषय संपला. त्यांना माहीत होतं काय चुकलं, त्यांच्या डोळ्यात दिसत होतं, पण बोललं कुणीच नाही. वाईट वाटू नये म्हणून असेल. पण मला घरी जाऊन तो व्हिडिओ तीस वेळा बघावा लागला तो या ‘छान झालं’मुळे, त्या कोचमुळे नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच हरलेल्या शाळेच्या लहान गटाची मॅच माझ्याकडेच. मनात भीती, मग काय, पायाला जरा बॉल घासला की शिट्टी. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना तीन पेनल्टी कॉर्नर दिले, त्यातले दोन तरी फुकटचे. कालची उधारी आज फेडत होते म्हणा ना. आणि गंमत म्हणजे कालचे कोच आज एकदम गोड, मॅडम छान, मॅडम बरोबर, आणि आता पलीकडचे कोच बोंबलतायत.

हाफटाइमला माझ्याबरोबरच्या पंचांनी बोलावलं. साठीला आलेले आहेत, नाव छापलं तर रागावतील म्हणून नुसतं सर म्हणते. म्हणाले, पोरी, कालची मॅच काल संपली, तू आज पण कालचीच शिट्टी वाजवतीयस. मग म्हणाले, पाय लागला का नाही ते सोड, तू उभी कुठं होतीस ते सांग. मी म्हटलं तेवीस मीटरच्या रेघेपाशी. ते म्हणाले, आणि मध्ये किती पोरी होत्या? सहा-सात. मग तुला दिसणार कसं? बॉल डीत गेला की तू पण बाजूने पुढं सरकायचं, गोललाइनच्या दिशेनं, पाय आणि स्टिकच्या मधली फट दिसली पाहिजे.

अजून दोन गोष्टी सांगितल्या त्यांनी. एक म्हणजे तुझी शिट्टी घाबरलेली वाजते, फुर्रर्र करून अर्ध्यातच विरते, मग लोकांना वाटतं हिलाच खात्री नाही, त्यापेक्षा एकच कडक फुंक मार आणि लगेच हात दाखव. दुसरी, दिसलं नाही तर माझ्याकडे बघ, मी कशाला आहे तिकडं? मोठ्या मॅचला पंचांच्या कानात रेडिओ असतात, आपल्याला डोळे आहेत. आणि कुणाशी बोलायचंच झालं तर कॅप्टनशी बोल, टीमच्या वागण्याला नियमाने तीच जबाबदार असते, दर पोरीला खुलासा देत बसू नकोस.

पाच मिनिटांचं बोलणं असेल, त्यात गोड काही नव्हतं, आणि अख्ख्या सीझनमध्ये मला झालेली सगळ्यात मोठी मदत ती. दुसऱ्या हाफला मी पळाले. खरंच पळाले, कारण आदल्या दिवशी मी पळतच नव्हते हे तेव्हा कळलं. एक चुकलाच, बॉल बाहेर कुणाच्या स्टिकला लागून गेला ते उलटं दिलं, सरांनी लांबून बोट हलवलं, मी शिट्टी मारून हिट बदलली. वाटलं आता आभाळ कोसळतंय, पण दोन सेकंद कुजबुज झाली आणि खेळ सुरू.

मोठ्यांचं पण चुकतं हो. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला आपल्या मुलींच्या सेमीफायनलमध्ये शूटआउटची वेळ मोजणारं घड्याळच सुरू झालं नव्हतं, आपली गोलकीपर सविताने अडवलेला प्रयत्न ऑस्ट्रेलियाला परत घ्यायला मिळाला, नंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने माफी मागितली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला ब्रिटनविरुद्ध आपल्या अमित रोहिदासला रेड कार्ड दिलं ते तर व्हिडिओ बघून, आणि त्यावर अजून कट्ट्यावर भांडणं होतात. तिथं निदान नंतर कुणीतरी बसून नेमकं काय झालं ते बघतं. आमच्याकडे मोबाइलचा व्हिडिओ गावभर फिरतो आणि पंचाबरोबर बसून तो बघणारं कुणी नसतं.

माझ्याबरोबर परीक्षा दिलेल्या पाचजणींपैकी दोघींनी शिट्टी ठेवून दिली. एकीला मी विचारलं, लोक बोलतात म्हणून का? ती म्हणाली, नाही गं, मी चांगली करते का वाईट तेच मला कळेना.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती आहे की नव्या पंचाच्या मॅचला एका जुन्या पंचाला वही घेऊन बसवा, फुकटचं काम आहे, खुर्ची पण आम्हीच उचलून आणतो. मॅचनंतर दहा मिनिटं, तीन मुद्दे, तोंडावर. आणि आपल्याला विनंती अशी की निर्णय वादग्रस्त म्हणून छापायचा तर जरूर छापा, फक्त निर्णय काय होता तेवढं एक वाक्य पण टाका.

आपली नम्र,
एक नवी पंच, जि. सातारा

ता. क. जाळीमागून सगळ्यात जोरात ‘पाय’ ओरडणारे निळ्या टोपीतले काका आपला पेपर वाचत असतील तर त्यांच्यासाठी, लागला होता. उजव्या पायाला.