आई-बाबा, मी नानजिंगला चाललेय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हे सगळं तोंडानेच सांगायचं होतं. त्यासाठी लागोपाठ तीन रविवार घरी आले, जेवले, आईने भरून दिलेला डबा घेतला आणि तशीच परत गेले. आता चौथा रविवार तसाच जाऊ नये म्हणून लिहितेय. पत्र दादाच्या हाती देतेय, म्हणजे तुम्ही वाचाल तेव्हा तो घरात असेल.

मी चीनला चाललेय, नानजिंगला, तीन वर्षांसाठी. तिथल्या चिनी वैद्यक विद्यापीठात अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुया टोचून करायचे उपचार, आणि तुईना शिकायला. तुईना म्हणजे हातांनी दाबून, चोळून, सांधे हलवून करायचे त्यांचे उपचार. प्रवेश मिळालाय, फी भरलीय, क्लिनिकला नोटीस दिलीय. २८ ऑगस्टला निघायचंय.

तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा लगेच 'जा' म्हणाले असते आणि मग रात्रभर गॅलरीत बसून राहिले असते, आत्याच्या वेळी बसले होते तसे. तसलं 'जा' मला घ्यायचं नव्हतं. पण न विचारता ठरवलं हे मला टोचतंय, आणि टोचत राहणार.

आई, तू पहिलं विचारशील ते फिजिओथेरपीचं. साडेचार वर्षं शिकवलंत, ती वाया गेली का? नाही गं. उलट त्याच्या जोरावरच प्रवेश मिळाला. तिथल्या चिनी वैद्यकाच्या रुग्णालयांत वॉर्ड असतात, रक्ताच्या तपासण्या आणि सीटी स्कॅन असतात, आणि पक्षाघाताच्या रुग्णाला व्यायाम आणि सुया दोन्ही मिळतात. अशा ठिकाणी एखाद्या जुन्याजाणत्या डॉक्टरच्या हाताखाली रोज रुग्ण बघायचेत मला. दोन महिन्यांच्या कोर्समध्ये ते होत नाही. चौकशी केली होती, दोन ठिकाणी.

खरं कारण तुम्हाला माहीतच आहे, माझी अर्धशिशी. 'तिचं चालू आहे' एवढं कुणी म्हटलं की अख्खं घर गप्प व्हायचं. पडदे ओढलेले, उशाशी बादली, आणि आई, तू सहाणेवर सुंठ उगाळायला बसायचीस. लेप वाळला की कपाळ ताणायचं आणि तेवढा वेळ बरं वाटायचं. बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबांनी बेलची वायर काढून टाकली आणि स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. दूधवाल्याला म्हणे तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. तुमचा चष्मा खिडकीतून दिसायचा मला, बाबा. मी झोपले नव्हते.

पुढचं मात्र तुम्हाला पूर्ण सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी महिन्यातले निम्मे दिवस माझं डोकं दुखत होतं आणि तेवढेच दिवस मी गोळ्या घेत होते. न्यूरॉलॉजिस्टांनी सांगितलं की आता गोळ्याच डोकेदुखी वाढवताहेत. महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामक घेतलं की असं होतं. त्या बंद केल्या ते तीन आठवडे मी तुमच्याकडे 'क्लिनिकच्या कामा'मुळे आले नाही. खोटं बोलले, माफ करा. त्यानंतर त्यांना सांगूनच अ‍ॅक्युपंक्चर सुरू केलं, आठवड्यातून दोनदा.

केसाएवढी बारीक सुई असते. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात एक, मानेच्या वर कवटीच्या कडेला दोन्ही बाजूंना एकेक. टोचल्याचं फारसं कळतच नाही. थोड्या वेळाने आत एक जड, बोथट ओढ जाणवते, तिला ते 'दे-छी' म्हणतात. त्या सुया लावून मी वीस मिनिटं पडून राहिले आणि कित्येक महिन्यांनी दुपारी झोपले. चार महिन्यांनी डायरी काढून मोजलं, तर महिन्यात तीन दिवस. गोळ्या सोडल्याचा वाटा यात मोठा आहे, सगळं श्रेय मी सुयांना देत नाही. पण त्यांचाही वाटा आहे.

बाबा, तुम्ही पुरावा मागणार, म्हणून आधीच शोधलाय. २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अर्धशिशीवरच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या, जवळपास ५००० रुग्णांच्या. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने १०० पैकी ५० जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली. नुसत्या दिखाऊ सुयांनी ४१ जणांची. फरक नऊ जणांचा. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकासाठी तीन वर्षं? मला ते नऊ जण हवेत बाबा, आणि त्या एक्केचाळीस जणांना नेमकं कशाने बरं वाटलं तेही समजून घ्यायचंय.

आपला आयुर्वेद असताना चीन कशाला, हेही तुम्ही विचाराल. आयुर्वेद मला कमी वाटत नाही. मला ज्याने बरं वाटलं ते मुळापासून शिकायचंय, एवढंच. शिवाय तिथे अगदीच परकं वाटेल असंही नाही. ली शिझेन या चिनी वैद्यांचा औषधींचा मोठा ग्रंथ, १८९२ द्रव्यांचा, १५९६ मध्ये नानजिंगलाच पहिल्यांदा छापला गेला. आई, तुझी सुंठ आहे तिथे! 'गान्च्यांग' म्हणतात. जेष्ठमधाचा भाऊबंद आहे, त्याचं नाव 'गान्त्साव', म्हणजे गोड वनस्पती.

आणि चिनी जडीबुटीने किडनी जाते, हे तुम्ही वाचलंय ते खोटं नाही. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी भलतीच, अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची वनस्पती गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणूनच मी औषधी वनस्पतींकडे वळत नाहीये. माझं काम सुया आणि हात एवढंच. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा आहे, परिषद आहे. परत आल्यावर त्यांचे नियम पाळूनच काम करेन, स्वतःला डॉक्टर म्हणवून घेणार नाही.

चीनमध्ये रुग्णसेवेला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत, बाबा. प्रत्येक वेळी आई म्हणायची, 'पण तो परत नाही आला ना.' आई, १९३८ मध्ये ते धरून जे पाच डॉक्टर गेले, त्यांत डॉ. बसूही होते. ते परत आले. पुढे चीनमध्येच अ‍ॅक्युपंक्चर शिकून १९५९ मध्ये त्यांनी ते कोलकात्यात आणलं. मी परत येणाऱ्यांतली आहे. सुट्टीत तर येईनच, थेट विमानंही पुन्हा सुरू झालीत.

आता राहण्याचं. वसतिगृहात मला स्वतंत्र खोली आहे. नानजिंग दक्षिणेकडच्या भागात धरतात, त्यामुळे उत्तर चीनसारखी सरकारी हीटिंगची सोय घरोघरी नसते आणि जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो. पण एसी गरम हवाही देतो, आणि मावशीने दिलेली रजई नेतेय. तुला सगळ्यात आवडेल ते सांगते: तिथे सगळे गरम पाणी पितात! वसतिगृहात उकळत्या पाण्याचे नळ असतात, थर्मास घेऊन रांगेत उभं राहायचं. 'कोमट पाणी पी' हे तुझं म्हणणं शेवटी अख्ख्या देशाने मनावर घेतलंय. जेवणात भात आहे, भाज्या आहेत, टोफू आहे. 'मी शाकाहारी आहे' हे चिनी वाक्य सगळ्यात आधी पाठ केलंय. मेतकूट दे, पण दोन किलो नको.

फोनचं नीट समजून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप तिथे बंद आहे आणि त्यांचं वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद आहे. मी आपलं सिम रोमिंगवर ठेवणार, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे. म्हणून तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे माझे साडेनऊ, रोज त्याच वेळी बोलायचं. एखाद्या दिवशी लागला नाही तर नेटवर्क गेलंय असं समजायचं, दादाला रात्री उठवायचं नाही.

आता दोघांनीही ऐका. बाबा, जेष्ठमधाची कांडी चघळणं आजपासून बंद. त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. तुमचा सकाळचा आकडा का चढतो ते मला इतके दिवस उमगलं नव्हतं. ड्रॉवरमधल्या कांड्या मी मागच्या रविवारीच नेल्यात. स्टेंटनंतरची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून स्वतःहून सोडायची तर नाहीच. मोतीबिंदूचं ऑपरेशन जुलैतच, मी इथे असताना. दिवाळीनंतर चालणार नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघत केलेस तरी चालतील, पण दोन्ही पायांचे. न्हाणीघरातलं स्टूल अडगळीत टाकू नकोस. आणि कुणी म्हणालं की मुलगी सुया शिकतेय, आता गोळ्या कशाला, तर त्याला चहा पाज आणि गोळी त्याच्यासमोर घे.

एफडी मोडू नका. माझे साठवलेले पैसे पुरतात, हिशेब दादाला दाखवलाय.

रागावला असाल तर या रविवारी रागवा, मी येतेय. निघेपर्यंतचे सगळे रविवार तुमच्याकडेच.

आणि बाबा, बेलची वायर. इतक्या वर्षांत ती कुणी परत जोडलीच नाही. येणारा-जाणारा कडी वाजवतो, आणि तुम्हाला आता आतल्या खोलीत ते ऐकू येत नाही. दादाला सांगून या आठवड्यात जोडून घ्या. मला आता आवाजाचा त्रास होत नाही.

तुमची,
छकुली