झोळीवाला मामा आणि भोपळ्याचं सूप

माँट्रियल, ४ जानेवारी

प्रिय शैले,

परवा फोनवर ‘सुट्टीत हैतीचे सिनेमे बघतेय’ म्हणाले तर तू हसलीस. ‘हे खूळ आता कुठून काढलंस?’ त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

खूळ आलं भोपळ्यातून. आमच्या वरच्या मजल्यावर एक हैतीच्या बाई राहतात (हैती म्हणजे कॅरिबियनमधला छोटा देश, एकेकाळी फ्रेंचांची वसाहत). सत्तरी उलटलेली, निवृत्त नर्स. मी त्यांना मावशी म्हणते. दर १ जानेवारीला त्या दारात पातेलं घेऊन हजर असतात. लाल भोपळ्याचं सूप, त्यात कोबी, गाजर, पास्ता आणि वर तरंगणारी एक जहाल मिरची. मला बिनमांसाचं वेगळं काढून ठेवतात. गुलामीच्या काळात हे सूप रांधायचं गुलामांनी आणि ओरपायचं फ्रेंच मालकांनी, असं त्या सांगतात. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला, म्हणून त्या दिवशी घरोघरी हेच शिजतं.

यंदा पातेलं परत द्यायला गेले तर म्हणाल्या, बस, सिनेमा लावते. तो होता हैतीची दिग्दर्शिका जेसिका जेनेयुसचा ‘फ्रेडा’. २०२१ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. राजधानी पोर्तोप्रॅन्समधल्या एका गरीब वस्तीतलं घर, पुढच्या बाजूला आईचं छोटंसं दुकान, त्यावर सगळ्यांचं पोट. फ्रेडा कॉलेजात मानववंशशास्त्र शिकतेय. तिच्या मित्राला भरकटलेली गोळी लागली होती. तो शेजारच्या देशात निघून गेलाय आणि तिलाही ‘चल’ म्हणतोय. जायचं की राहायचं, एवढाच प्रश्न. रस्त्यावर मोर्चे, टायर पेटलेले, आणि घरात बहिणीच्या लग्नाचं गणित. त्यात गोऱ्या रंगाचा हिशोब आलाच, तो तुला वेगळा समजावून सांगायला नको!

संवाद हैतीच्या क्रेओल भाषेत, खाली इंग्रजी ओळी. मावशी माझ्या आधी दोन सेकंद हसायच्या. हॉस्टेलवर आपण नाटकाची कॅसेट लावायचो आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर ती बंगाली पोरगी ‘क्या बोला?’ विचारायची, आठवतं? या वेळी ती बंगाली पोरगी मी होते. मधेच मावशी म्हणाल्या, शाळेत क्रेओल बोललं की आम्हाला छडी मिळायची. अख्खा देश बोलतो ती भाषा, पण फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा व्हायला १९८७ ची राज्यघटना यावी लागली. त्याच भाषेतला सिनेमा कान महोत्सवाच्या पडद्यावर दिसला, तर बाईंनी डोळे पुसले यात नवल नाही.

दुसऱ्या दिवशी मी हौसेने हैतीचाच दिग्दर्शक राउल पेकचा १९९३ चा ‘किनाऱ्यावरचा माणूस’ लावला. मावशी म्हणाल्या, तू बघ. स्वतः स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेली भांडी परत घासत बसल्या.

आपल्याकडे पोरांना ‘झोळीवाला येईल’ म्हणून दटावतात ना, तसा त्यांच्याकडे ‘तोंतों माकूत’. तोंतों म्हणजे मामा-काका, माकूत म्हणजे झोळी. हुकूमशहा दुवालिएच्या खासगी फौजेला लोकांनी हेच नाव ठेवलं. आपला झोळीवाला कधी आला नाही गं. त्यांचा आला, निळे कपडे आणि काळा चष्मा घालून. पेक आठ वर्षांचा असताना त्याच्या घरच्यांनी देश सोडून काँगो गाठला. सिनेमातली साराही आठच वर्षांची, आजीच्या आसऱ्याला लपलेली. मारहाण फारशी दिसत नाही. पोर कान लावून ऐकते आणि आपणही तिच्याबरोबर श्वास धरून बसतो. सिनेमा करायच्या वेळी हैतीत लष्कराने सत्ता बळकावलेली, त्यामुळे चित्रीकरणही शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये करावं लागलं.

तशी तिथल्या सिनेमाला पैशांची बोंबच असते. ‘फ्रेडा’ही फ्रान्स आणि आफ्रिकेतल्या बेनिनच्या भागीदारीत उभा राहिला. ‘फ्रेंचांचा पैसा चालतो?’ असं मी विचारल्यावर मावशी फटकन म्हणाल्या, आमचाच आहे. स्वातंत्र्य मान्य करायचे म्हणून फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँक मागितले होते, मालकांचं नुकसान झालं म्हणे! गुलामांनीच भरपाई द्यायची.

आता जे सांगते ते खास तुझ्यासाठी. १२ जानेवारी २०१० चा भूकंप तुला आठवत असेल. हैतीतल्या जॅकमेल गावात तेव्हा नुकतीच सुरू झालेली एक सिनेमाशाळा होती. तिथली पोरं ढिगाऱ्यातून कॅमेरे काढून आपल्याच गल्ल्यांत फिरली. बाहेरचे वार्ताहर पोचायच्या आधी जॅकमेलची बातमी त्यांनी जगाला दाखवली. ते वाचलं आणि किल्लारीच्या भूकंपाच्या वेळची तू सांगितलेली गोष्ट आठवली. फोटोवाल्याने तुझ्या आजीला उठवून पुन्हा ढिगाऱ्यावर बसवलं, पदर नीट घेतला तर ‘तसाच राहू द्या’ म्हणाला.

पेकनेही भूकंपानंतर दोन वर्षं तिथे खपून मदतीच्या पैशाचं काय झालं त्यावर माहितीपट केला. रागाच्या भरात जरा लांबलाय, पण तू बघच.

ब्रुनो मुराल या दिग्दर्शकाने तर अपहरणाचा धंदा करणाऱ्या दोन बावळटांवर विनोदी सिनेमा काढला, आणि चित्रीकरण चालू असताना त्याच्याच चमूतली तीन माणसं खरोखर पळवली गेली. सुटली, सिनेमाही पुरा झाला, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाला गेला. मी पोट धरून हसले. मावशी एकदाही हसल्या नाहीत. त्यांचा भाचा अजून तिकडेच आहे.

तुझ्या आजीची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग विचारलं, तो फोटो कुठे छापून आला का? आजीने पाहिला का? मला सांगता येईना. तूच कळव.

तुझी,
मंदा