शीट उलटी, दोष मालाला

महोदय,

सोसायट्यांच्या पिवळ्या पडलेल्या शेडबद्दलची कालची बातमी वाचली. सगळे खापर हलक्या मालावर फोडले आहे. शीट कोणत्या बाजूने बसवली, हे कोणी विचारलेलेच नाही.

या शेड पॉलीकार्बोनेट या पारदर्शक, टणक प्लास्टिकच्या असतात. त्याच्या शीटला अतिनील किरण शोषणारा थर बहुधा एकाच बाजूला असतो, जेमतेम 50 मायक्रॉनचा. तीच बाजू आकाशाकडे हवी. ती कोणती, हे शीटवर चिकटवलेल्या संरक्षक फिल्मवर छापलेले असते. पण मेअखेरीस पावसाच्या धास्तीने घाईत शेड उभ्या राहतात आणि फॅब्रिकेटरची माणसे खालीच दोन्ही फिल्म सोलून टाकतात. मग दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात. घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलात पार्किंगची निम्मी शेड दोन उन्हाळ्यांत पिवळी पडली, निम्मी आजही स्वच्छ आहे. माल एकाच गठ्ठ्यातला. पिवळ्या शीटवर वरून नख फिरवले की खरखर लागते, खालून ती गुळगुळीत आहे. थर खाली गेला, ऊन उघड्या प्लास्टिकवर पडले. अशी शीट आता पालटूनही उपयोग नाही, पिवळेपणा जात नाही. उलटी बसवलेल्या शीटला कंपनीची हमीही मिळत नाही.

सोसायट्यांनी एवढेच करावे: फिल्म सोलण्याआधी वरच्या बाजूच्या कोपऱ्यात मार्करने खूण करून घ्यावी, बसवताना फक्त कडेची पाचेक सेंटिमीटर फिल्म उचलावी आणि उरलेली त्याच दिवशी काढावी. उन्हात राहिली तर ती चिकटून बसते.

बातमीत पिवळी शीट थिनरने पुसण्याचा सल्ला आहे, तो घातक आहे. थिनरने पॉलीकार्बोनेटला बारीक तडे जातात. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरे. ही दुरुस्ती कृपया पहिल्या पानावर छापा, कारण सल्लाही तिथेच छापला होता.

आणखी एक. दर जूनला तुमच्या पुरवणीत गच्चीवर निळी ताडपत्री टाकायला सांगतात. ती ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणतात, त्या इतक्या पातळ असतात की नुसता अतिनील किरणांचा शोषक घालून भागत नाही, कारण त्याला काम करायला जाडी लागते. तिथे हॅल्स नावाचे स्थिरक लागते. ते किरण शोषत नाही, उन्हाने सुरू झालेली तुटण्याची साखळी थांबवते. स्वस्त ताडपत्रीत ते नसले की तिचा भुगा होतो आणि पहिल्याच मोठ्या सरीत गच्चीची पन्हाळी तुंबते. विकत घेताना स्थिरक घातले आहे का, हे विचारायला तरी वाचकांना सांगा.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)