उत्तरपत्रिका कोणाच्या हाती जाते?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील, नोकरदारांच्या आत्मवास्तविकीकरणाच्या, म्हणजे स्वतःमधील क्षमता पूर्णपणे फुलवण्याच्या, मोजमापावरील लेख वाचला. लेखकांनी या चाचण्यांची माहिती परिश्रमपूर्वक दिली आहे, त्याबद्दल आभार. मात्र भरलेली उत्तरपत्रिका पुढे कोणाच्या हाती जाते, याविषयी लेखात एक ओळही नाही, आणि नोकरी करणाऱ्याच्या दृष्टीने सारा प्रश्न तिथेच आहे.

हे मोजणारी मानसशास्त्रज्ञ शॉस्ट्रॉम यांची 1964 मधील 150 जोडविधानांची (प्रत्येक जोडीतून एक विधान निवडायचे) प्रश्नावली मानसोपचाराच्या कामातून आली. समुपदेशकाजवळ खरे सांगण्यात सांगणाऱ्याचेच हित असते. आमच्या कार्यालयात मात्र जोन्स आणि क्रँडॉल यांच्या याच विषयावरील 1986 च्या 15 विधानांच्या छोट्या चाचणीचे मराठी रूपांतर वार्षिक मूल्यमापनाच्या तोंडावर वाटण्यात आले, तेही नावासकट. इतरांच्या अपेक्षेप्रमाणे वागलेच पाहिजे असे मला वाटते, अशा आशयाच्या विधानाशी मी सहमती नोंदवली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि मुलगा दहावीला असताना मी प्रामाणिकपणे दुसरे काय लिहिणार? या सहमतीने गुण कमी होतात, हे नंतर कळले. वरिष्ठांनी माझे गुण बैठकीत सर्वांसमक्ष वाचून दाखवले आणि शनिवारच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात माझे नाव घातले, त्यामुळे सासूबाईंजवळ थांबण्याचा हक्काचा दिवसही गेला. वरिष्ठांना काय रुचेल हे ओळखून ज्यांनी उत्तरे लिहिली, ते वरच्या श्रेणीत गेले. मग इतरांच्या अपेक्षेप्रमाणे नेमके कोण वागले, हे त्या बैठकीत मला विचारता आले नाही, म्हणून येथे विचारते.

आत्मवास्तविकीकरणाची कल्पना रुजवणारे मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांनी स्वतः 1968 मध्ये लिहिले होते की, त्यांच्या निकषांवर प्रौढांपैकी एक टक्काही माणसे आत्मवास्तविकीकरणापर्यंत पोहोचत नाहीत. असे असताना कार्यालयातील कारकुनांची त्यावर प्रतवारी लावून पगारवाढीच्या कागदाला ती जोडणे हा सरळ अन्याय आहे. अशी चाचणी घ्यायचीच असेल, तर ती ऐच्छिक व निनावी असावी आणि निकाल फक्त ज्याचा त्यालाच मिळावा. लेखकांनी पुढील लेखात याविषयी स्पष्ट मत द्यावे, ही विनंती.

आणखी एक. लेखासोबत ‘मॅस्लो यांचा पिरॅमिड’ म्हणून माणसाच्या गरजांच्या पायऱ्यांची जी आकृती छापली आहे, ती त्यांनी काढलेली नाही. या गरजांवरील त्यांच्या 1943 च्या मूळ निबंधात तशी आकृतीच नाही. बी.एड.ची मुले आपली पुरवणी कापून ठेवतात, तरी दुरुस्ती अवश्य छापावी.

आपली विश्वासू,
एक लेखापाल, सातारा